समजून केलेली नक्कल

रास्पबेरी पाय या एटीएम कार्डाएवढ्या संगणकावर जुने गेम खेळण्यासाठी ‘रेट्रोपाय’ बसवलं, की नवख्या माणसाला लवकरच एक कोडं पडतं. आर्केडमधले गेम चालवणारा ‘मेम’ हा एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम, तिथे एकच नसतो. मेम २०००, मेम २००३, मेम २०१० अशी सालांची रांगच असते. त्यातला पहिला मूळ मेमच्या ०.३७बी५ या आवृत्तीवर थांबलेला आहे, दुसरा ०.७८ वर. एकाच गेमची फाइल एका मेममध्ये बिनतक्रार चालते आणि दुसरा मेम तीच फाइल अपुरी म्हणून परत करतो. फाइल बिघडलेली असेलच असं नाही. मधल्या वर्षांत कुणीतरी त्या गेमचा मूळ बोर्ड पुन्हा उघडलेला असतो, वाचायची राहून गेलेली चिप वाचलेली असते किंवा आधीचं वाचन चुकलं होतं हे दाखवून दिलेलं असतं, आणि नवी आवृत्ती ती दुरुस्ती मागते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, त्या कामाशी याचं नातं खेळापेक्षा जवळचं आहे. एम्युलेटर म्हटलं की बहुतेकांना आधी फुकटेगिरी आठवते. तीही त्यात आहेच. पण मूळ यंत्र नीट समजल्याशिवाय ही नक्कल नीट वठत नाही, आणि या एका अटीमुळे गेमच्या धंद्याचा तांत्रिक इतिहास हौशी नक्कलकारांच्या हातून लिहिला गेला, असं माझं म्हणणं आहे.

नव्या यंत्राकडून जुन्या यंत्राचं काम करून घेण्याची युक्ती गेमवाल्यांची नव्हे. आयबीएमने ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टिम/३६० जाहीर केली, तेव्हा तिच्यापुढची मोठी डोकेदुखी तिचीच १४०१ ही लोकप्रिय यंत्रं होती. हजारो कचेऱ्यांचे पगार आणि साठ्याचे हिशेब त्यांवर चालत, आणि ते प्रोग्राम नव्या यंत्रावर जसेच्या तसे चालणार नव्हते. हनीवेलने डिसेंबर १९६३ मध्येच हनीवेल २०० आणून १४०१ चे गिऱ्हाईक ओढायला सुरुवात केली होती. तेव्हा आयबीएमने ३६० च्या मॉडेल ३० मध्ये अशी सोय केली, की ते गरजेनुसार १४०१ असल्यासारखं वागेल. ही सोय धंद्याच्या गरजेतून, आपल्याच यंत्रासाठी आणि आपल्याच कागदपत्रांच्या आधारे केलेली होती. गेमच्या बाबतीत नेमकी ती कागदपत्रंच बाहेरच्या माणसाला मिळणार नव्हती. जुना गेम चालत राहावा अशी निकड कंपनीलाही नव्हती; तिला पुढचं यंत्र विकायचं होतं.

कागदपत्रांशिवाय काम करायचं म्हणजे काय, ते निन्टेन्डोच्या यंत्रावरून कळतं. जुलै १९८३ मध्ये जपानात ‘फॅमिकॉम’ आणि १९८५ मध्ये अमेरिकेत ‘एनईएस’ म्हणून आलेल्या या यंत्रात रिको कंपनीचा प्रोसेसर होता. तो ६५०२ या प्रसिद्ध चिपचा भाऊबंद, वेग १.७९ मेगाहर्ट्झ, आणि कामाची मेमरी फक्त २ किलोबाइट. पडद्यावर हलणारी चित्रं, म्हणजे स्प्राइट, एकूण ६४. आणि पडद्याच्या एका आडव्या रेषेवर आठपेक्षा जास्त स्प्राइट आले, तर पुढचे काढलेच जात नाहीत. गर्दी झाली की शत्रू लुकलुकतात, ते गेमकर्ते या मर्यादेतून वाट काढत असत म्हणून. नक्कल करणाऱ्याला वाटेल की हा दोषच आहे, तो काढून टाकू. आणि अनेक एम्युलेटरांत तशी सोय आहेही. पण १९८७ च्या ‘कॅसलव्हेनिया २’ मध्ये नायक दलदलीत शिरतो तेव्हा कमरेखालचा भाग चिखलात बुडालेला दिसायला हवा. गेम लिहिणाऱ्यांनी तिथे आठ अदृश्य स्प्राइट मांडून रेषेचा कोटा भरून टाकला. यंत्र नायकाचे पाय काढायला नकार देतं आणि पाय बुडाल्यासारखे दिसतात. एम्युलेटरमध्ये मर्यादा काढली की पाय चिखलावर तरंगू लागतात. यंत्राचा दोष गेमकर्त्याने कसबाचं हत्यार म्हणून वापरला होता, हे आज जगाला ठाऊक आहे ते नकलेत बिघाड झाल्यामुळे आणि कुणीतरी त्याचं कारण शोधून लिहून ठेवल्यामुळे.

सुरुवातीचे एम्युलेटर इतके काटेकोर नव्हते. १९९६ च्या सुमारास मरात फैझुलिनचा ‘आयएनईएस’ आला, १९९७ मध्ये ‘नेस्टिकल’. त्याच वर्षी इटलीच्या निकोला साल्मोरियाने मेम सुरू केला. नेस्टिकल त्या काळच्या साध्या पीसीवरही सुसाट पळे, कारण जिथे समजलं नाही तिथे अंदाज ठोकून दिलेला असे. सुपर निन्टेन्डोसाठीच्या ‘झेडएसनेस’ची गतही तीच. तो इतका लोकप्रिय झाला, की जपानी गेमची हौशी भाषांतरं करणारे आपलं काम त्याच्यावरच तपासू लागले; मग त्यातली काही भाषांतरं खऱ्या यंत्रावर चालेचनात. अर्धवट समजलेली नक्कल मूळ वस्तूबद्दल खोटी साक्ष देऊ लागली होती. त्यावरची प्रतिक्रिया म्हणजे २००४ नंतरचा ‘बीएसनेस’. त्याच्या कर्त्याने गेमगणिक जुगाड करायला नकार दिला, मूळ यंत्रावर चाचण्या घेतल्या आणि प्रत्येक चिपचा ताल जुळवला. त्याची किंमत त्याने २०११ मध्ये जाहीरपणे सांगितली: त्या मंद, जुन्या यंत्राची चोख नक्कल करायला ३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर हवा. दुसऱ्या टोकाला ‘व्हिज्युअल ६५०२’वाल्यांनी ती चिप उघडून तिची सूक्ष्मदर्शकाखाली छायाचित्रं काढली आणि ट्रान्झिस्टरगणिक तिचं चालतं प्रतिरूप बनवलं. चिप बनवणाऱ्यांनी सत्तरच्या दशकात हाताने आखलेला नकाशा असा परत मिळाला.

आता त्या छोट्या संगणकाकडे येऊ. रास्पबेरी पाय २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ३५ डॉलरला विक्रीला आला. केंब्रिजच्या एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ब्रिटिश मुलांनी प्रोग्रामिंगकडे वळावं असं वाटत होतं. त्यांच्यापुढे आदर्श होता ऐंशीच्या दशकातल्या ‘बीबीसी मायक्रो’चा. त्या बीबीसी मायक्रोत ६५०२ च होता, आणि तो बनवणाऱ्या एकॉर्न कंपनीनेच १९८५ मध्ये पहिला एआरएम प्रोसेसर घडवला. पायच्या पोटात एआरएम आहे. मुलांनी शिकावं म्हणून काढलेलं यंत्र घरोघर मारिओ खेळायला वापरलं गेलं, याची खंत करणाऱ्यांनी हे गोत्र जरा पाहावं. पहिल्या पायचा वेग ७०० मेगाहर्ट्झ, म्हणजे फॅमिकॉमच्या सुमारे ३९० पट; तरी सुपर निन्टेन्डोचे गेम त्याच्यावर अडखळत. चार-पाच चिपा एकाच वेळी एकमेकींकडे लक्ष ठेवून चालल्याचं सोंग एकट्या प्रोसेसरने आणायचं, यात ताकद खर्च होते. म्हणून पायवर मुद्दाम जुने, ढोबळ, हलके एम्युलेटर बसवले जात. सुरुवातीला सांगितलेली सालांची रांग त्यातूनच आली. २०१५ चा चार गाभ्यांचा पाय २ आल्यावर कोंडी बरीच सुटली. पण अचूकता आणि वेग यांचा सौदा वापरणाऱ्याला उघड दिसावा, ही त्या स्वस्त यंत्राची अजाणता झालेली मोठी देणगी.

इथे महाराष्ट्राचा संबंध येतो, आणि तो जरा अडचणीचा आहे. नव्वदच्या दशकात मराठी घरांत टीव्हीला जोडला जाणारा ‘व्हिडिओ गेम’ बहुधा निन्टेन्डोचा नसेच. तो फॅमिकॉमची हुबेहूब नक्कल असे. कधी त्यावर टर्मिनेटरचं नाव असे, कधी आणखी कसलं. तैवानच्या यूएमसीसारख्या कंपन्यांनी रिकोच्या चिपांच्या स्वतःच्या आवृत्त्या काढल्या होत्या आणि त्यांच्या जोरावर हा बाजार रशियापासून भारतापर्यंत पसरला. ही नक्कलही काही अडाण्यांची नव्हे. जपानी गेम सेकंदाला ६० चित्रं धरून लिहिलेले, तर भारताप्रमाणे पाल पद्धतीच्या देशांतला टीव्ही ५० चित्रं दाखवणारा. रशियात ‘डेंडी’ नावाने विकल्या गेलेल्या यंत्रातल्या चिपेत यावर तोडगा होता: चित्र काढून झाल्यावर काही रेषा यंत्र नुसतं थांबतं, त्यामुळे गेमचं गणित न बिघडता तो टीव्हीशी जुळतो. कुणीतरी हे फार बारकाईने समजून घेतलं होतं. मग त्या नकलेत आणि एम्युलेटरमध्ये फरक काय? फरक असा, की कारखान्याला जे समजलं ते कारखान्यातच राहिलं आणि गेम कुणाचा हे तर मुद्दाम पुसलं गेलं. ‘९९९९ इन १’ कॅसेट लावली की हजारो नावांची यादी येई. प्रत्यक्षात गेम मोजकेच, पुढच्या टप्प्यापासून सुरू केलेले आणि दर वेळी वेगळ्या नावाने मांडलेले. अनेक कॅसेटींत पहिल्या पडद्यावरचं कंपनीचं नाव आणि साल खोडलेलं असे. ती नक्कल लपवण्यावर जगत होती. एम्युलेटरचा सोर्स कोड मात्र बहुधा उघडा असतो. मेमनेही २०१६ मध्ये पूर्ण मुक्त परवाना घेतला.

यावरचा आक्षेप उघड आहे: समजून घेण्याच्या गोष्टी ठीक, पण लोक फाइली उतरवून फुकट खेळतात. खरं आहे, आणि पायवर गेम खेळणाऱ्यांतले बहुसंख्य चिपांच्या इतिहासासाठी येत नाहीत, हेही मान्य. परंतु एम्युलेटर आणि गेमची फाइल या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि कायद्यानेही त्या वेगळ्या धरल्या आहेत. सोनीने कनेक्टिक्सवर केलेल्या दाव्यात अमेरिकेच्या अपील न्यायालयाने २००० मध्ये ठरवलं, की प्लेस्टेशनचं काम समजून घेण्यासाठी त्यातल्या प्रोग्रामची मधली प्रत करणं रास्त वापरात बसतं. पुढच्या वर्षी सोनीने तो एम्युलेटरच विकत घेतला आणि मिटवून टाकला, ही त्यातली बोलकी बाजू. भारताच्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ही कायदेशीर प्रत हाती असलेल्याला प्रोग्रामच्या कामाचं निरीक्षण आणि अभ्यास करू देतं. फाइलींची लूट वेगळी, आणि यंत्र अजून दुकानात असताना तर तिचं समर्थन करवत नाही. २०२४ मध्ये निन्टेन्डोच्या ‘स्विच’ यंत्राची नक्कल करणाऱ्या ‘युझू’ या एम्युलेटरच्या कर्त्यांनी निन्टेन्डोला २४ लाख डॉलर द्यायचं कबूल केलं, तेव्हा स्विचचे नवे गेम बाजारात खपत होते. चाळीस वर्षांपूर्वीच्या, कुणी विकतच नसलेल्या गेमला तेच माप लावणं मला पटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार: आता कंपन्या स्वतःच जुने गेम पुन्हा काढतात, मग हौशांची गरज काय? त्या काढतात, पण कशाच्या बळावर, ते बघण्यासारखं आहे. फैझुलिनने आपल्या एम्युलेटरसाठी प्रत्येक गेमच्या फाइलीला १६ बाइटांचं एक शीर्षक जोडलं होतं. निन्टेन्डोने ‘वी’ यंत्रावर विकलेल्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’च्या फाइलीत तेच शीर्षक निघालं. कंपनीने फाइल बाहेरून उचलली असा अर्थ लगेच काढू नये. ती घरीच नव्याने त्या साच्यात बनवलेली असू शकते. पण साचा हौशांचाच होता. सोनीच्या २०१८ च्या ‘प्लेस्टेशन क्लासिक’मध्ये तर ‘पीसीएसएक्स रीआर्म्ड’ हा मुक्त एम्युलेटरच बसवलेला होता, आणि त्यातल्या २० गेमपैकी ९ गेम मंद चालणाऱ्या ५० हर्ट्झच्या युरोपीय आवृत्तीत दिले होते. मालकाकडे हक्क होते, ममत्वाचा मात्र पत्ता नव्हता. आणि असं भाग्य लाभणारे गेम तरी किती? व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या पाहणीत अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत असं दिसलं. ग्रंथालयांना ते अभ्यासकांपर्यंत दुरून पोचवू द्यावेत, ही मागणी तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली.

राहिला ‘ती मजा नाही’ हा सूर. त्यात तथ्य आहे. ‘डक हंट’मध्ये घोडा दाबताच पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतला प्रकाशसंवेदक तो उजेड टिपतो. जुन्या काचेच्या टीव्हीच्या रेषा ज्या लयीत उजळत तिच्याशीच तो जुळवलेला आहे, म्हणून सपाट पडद्यावर ती बंदूक आंधळी होते. पायवर बदकं बहुधा माउसनेच मारावी लागतात. नक्कल इथे हरते. पण ती नेमकी कुठे हरते, ते तिच्याच लोकांनी लिहून ठेवलेलं आहे.

त्याच लोकांनी आता त्या नाव पुसणाऱ्या कॅसेटीही वाचायला घेतल्या आहेत. गेमच्या कॅसेटीत कोणती जोडणी आहे हे सांगणारे क्रमांक आयएनईएसच्या मूळ साच्यात २५६ च मावत, ‘एनईएस २.०’ या सुधारित साच्यात ४०९६ मावतात, आणि ही जागा खाणाऱ्यांत बेकायदा बहुगेमी कॅसेटींच्या जोडण्यांची संख्या मोठी आहे. नव्या एम्युलेटरांत टीव्हीचा प्रकार निवडताना अमेरिका-जपान आणि युरोपसोबत ‘डेंडी’ असा वेगळा पर्यायही मिळतो. तो निवडला की गेम साठऐवजी पन्नास चित्रांच्या संथ चालीने चालतो, म्हणजे तैवानी नकलेचीही नक्कल होते. ज्यांच्या माळ्यावर ‘९९९९ इन १’ अजून पडून आहे, त्यांनी ती भंगारात देण्याआधी उघडून तिच्या बोर्डाची दोन्ही बाजूंनी छायाचित्रं काढावीत आणि मेनूतली नावं उतरवून घ्यावीत.