आधी वय विचारतो

1981 साली पलटणीतून डेहराडूनच्या आर्मी कॅडेट कॉलेजात गेलो तेव्हा मी लान्स नाईक होतो, वय 24. तीन वर्षं बीए आणि मग इंडियन मिलिटरी ॲकॅडमीत एक वर्ष, असा तो रस्ता. पहाटे पीटी, मग वर्ग. अर्थशास्त्राच्या पहिल्या पानाला मला पाऊण तास लागला होता. अडलेल्या प्रत्येक शब्दावर पेन्सिलीनं बारीक मराठी अर्थ लिहीत गेलो. ते पुस्तक अजून माझ्या काळ्या ट्रंकेत आहे.

रस्ता जुना. 1929 मध्ये बुंदेलखंडातल्या नौगावला किचनर कॉलेज निघालं. तिथून पुढे जाणाऱ्या शिपायांना वाय कॅडेट म्हणत. शिपाई म्हणून भरती झालेले मोहम्मद मुसा तिथूनच 1932 मध्ये ॲकॅडमीच्या पहिल्या तुकडीत माणेकशांच्या बरोबरीनं बसले आणि पुढे पाकिस्तानचे सरसेनापती झाले. 1960 मध्ये कॉलेज नव्या नावानं पुण्यात आलं, 1977 मध्ये डेहराडूनला गेलं.

खडकवासल्याच्या एनडीएतून आलेल्यांची पदवी आणि माझी पदवी एकाच विद्यापीठाची, दिल्लीच्या जेएनयूची. पण 1985 मध्ये खांद्यावर तारा लागला तेव्हा मी 28 वर्षांचा आणि ते एकवीस-बावीसचे. सैन्यात निवृत्तीचं वय हुद्द्यावर ठरतं. वर चढायला त्यांच्यापाशी सहा-सात वर्षं जास्त होती, आणि ती कुठलीच पदवी भरून देत नाही. माझ्या मते शिपायातून आलेल्यांची खरी अडचण हीच.

पार्ट बी, पार्ट डी या बढतीच्या परीक्षा पास झालो. वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजसाठी चौकीवर कंदिलाशी डावपेच, लष्करी कायदा, युद्धेतिहास वाचला, दोनदा बसलो, जागा मिळाली नाही. पुढे लेफ्टनंट कर्नलच्या निवड मंडळात नाव आलं नाही. नव्वदच्या दशकात कंपन्यांचे पगार वाढले तेव्हा बरोबरच्या काही हुशार इंजिनिअर अधिकाऱ्यांनी पेपर टाकले. मी राहिलो. ज्या फौजेनं मला अक्षरं दिली, ती सोडवेना.

डिसेंबर 2004 मध्ये अजय विक्रम सिंह समितीच्या शिफारशी लागू झाल्या; तेरा वर्षांच्या नोकरीवर लेफ्टनंट कर्नल, निवडीची पायरी कर्नलपासून. मला तो हुद्दा 47व्या वर्षी मिळाला. वडील तोवर गेले होते.

आता साताऱ्यात रविवारी सुट्टीवर आलेली शिपाई पोरं माझ्याकडे येतात. कॅडेट कॉलेजचा फॉर्म बघण्याआधी मी वय विचारतो. एखादा एकवीस म्हणाला की सांगतो, "याच वर्षी परीक्षेला बस बाबा, पुढच्या वर्षावर टाकू नकोस."