वळिवडे : कोल्हापूरजवळ ५ हजार पोलिश निर्वासित का राहत होते?

१९३९ मध्ये पश्चिमेकडून जर्मनीने आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशियाने पोलंडचा ताबा घेतला. रशियाने लाखो पोलिश लोकांना सायबेरिया आणि कझाकस्तानात हद्दपार केलं. भूक, थंडी आणि रोगराईने हजारो दगावले. १९४१ मध्ये हिटलरने रशियावरच हल्ला केल्यावर त्यांची सुटका झाली, पण परतायला देश उरला नव्हता. त्यातले अनेक जण इराणमार्गे भारतात आले.

नवानगरच्या जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी १९४२ मध्ये जामनगरजवळच्या बालाचडीत अनाथ मुलांना आसरा दिला. कोल्हापूर संस्थानातल्या वळिवड्यात १९४३ मध्ये मोठी छावणी उभी राहिली. तिथे सुमारे ५ हजार जण राहत होते, त्यात बहुतांश बायका आणि मुलं. छावणीत शाळा, दवाखाना आणि चर्चही होतं.

१९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. पुढे तिथेच फाळणीत घरदार गमावलेले सिंधी निर्वासित स्थिरावले. कपड्यांच्या घाऊक बाजारासाठी ओळखलं जाणारं गांधीनगर ते हेच.

पोलंड हे उपकार विसरला नाही. राजधानी वॉर्सात जामसाहेबांच्या नावाचा चौक आहे आणि कोल्हापूरचं स्मारकही आहे.