दिवाभीत आणि छायाचित्रकार

घुबडास ‘दिवाभीत’ म्हणजे दिवसाला भिणारें असें नांव पूर्वींपासून आहे. वास्तविक घुबड दिवसा आंधळें नसतें. परंतु त्याचे बहुतेक व्यवहार दिवस मावळल्यावर सुरू होतात, आणि नेमक्या त्याच वेळीं छायाचित्रकारास आपलें सामान आवरावें लागतें. छायाचित्र प्रकाशावांचून निघत नाहीं, आणि घुबड प्रकाशांत येत नाहीं. हा पेंच मनुष्यानें कसा सोडविला आणि त्यापायीं काय किंमत दिली, याचा इतिहास उद्बोधक आहे.

इंग्लंडांत रिचर्ड व चेरी कीअर्टन या बंधूंनीं १८९२ सालीं एका पक्ष्याच्या घरट्याचें, आंतील अंड्यांसह, छायाचित्र घेतलें. पक्षिजीवनाच्या छायाचित्रणाचा हा आरंभकाळ होय. परंतु अंडीं हलत नाहींत. घुबडाची गोष्ट निराळी. सायंकाळच्या अपुऱ्या उजेडांत त्या वेळच्या मंद कांचांवर चित्र उमटावयास दीर्घ अवधि लागे, आणि तेवढ्यांत पक्ष्यानें नुसती मान फिरविली तरी चित्राच्या जागीं एक करडा डाग उरे. मान फिरविणें हा तर घुबडाचा स्वभावधर्मच. त्याचे डोळे खोबणींत पक्के बसलेले असल्यामुळें बाजूस पाहावयाचें तर त्यास सगळें डोकेंच वळवावें लागतें.

मॅग्नेशियमची भुकटी पेटवून क्षणभर प्रखर उजेड पाडण्याची युक्ति १८८७ सालीं जर्मनींत निघाली. अमेरिकेंत जॉर्ज शायरस यानें अशाच उजेडाच्या साह्यानें रात्रीं वन्य पशूंचीं चित्रें घेतलीं. तीं १९०६ सालीं ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकांत प्रसिद्ध झालीं. परंतु ही भुकटी भडका व धूर करी आणि हाताळणाराच्या जिवासहि तिचें भय असे. १९३० च्या सुमारास हाच भडका कांचेच्या बंद बल्बांत कोंडण्यांत आला. धूर नाहींसा झाला; मात्र प्रत्येक चित्रास एक नवा बल्ब खर्ची पडे.

अशा काळांत एरिक हॉस्किंग या तरुणानें पक्ष्यांचीं छायाचित्रें घेणें हाच आपला व्यवसाय केला. त्याचा जन्म १९०९ चा, लंडनचा. मे १९३७ मध्यें वेल्समधील डोल्डाउलॉड येथें त्यानें ‘टॉनी आउल’ जातीच्या तपकिरी घुबडाच्या घरट्याशेजारीं उंचावर लपण बांधलें होतें. एके रात्रीं अंधारांत तो तिकडे चढत असतां त्या पक्ष्यानें त्याच्या तोंडावर झडप घातली. घुबडाच्या पिसांच्या कडा मऊ झालरीसारख्या असतात, त्यामुळें त्याच्या उड्डाणाचा आवाज जवळजवळ होतच नाहीं. उंदरास जी चाहूल लागत नाहीं, ती मनुष्यास कोठून लागणार? पक्ष्याची नखी त्याच्या डाव्या डोळ्यांत घुसली. जखम चिघळली. पेनिसिलीन तेव्हां रुग्णांपर्यंत पोहोंचलें नव्हतें. एका डोळ्याचा विकार दुसऱ्यासहि ग्रासील अशी भीति पडली. अखेर उजवा वांचविण्यासाठीं डावा डोळा काढून टाकावा लागला. ज्याचें सारें भांडवल दृष्टि, त्याचें निम्में भांडवल वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं गेलें.

यानंतर त्यानें घुबडांचा नाद सोडला असता तरी कोणीं त्यास नांवें ठेविलीं नसतीं. परंतु तो पुन्हां त्यांच्याकडेच वळला. १९४५ सालीं त्यानें सिरिल न्यूबरी याच्या सहकार्यानें निशाचर पक्ष्यांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. अमेरिकेंत हॅरल्ड एजर्टन यानें वायूनें भरलेल्या नळींतून सांठविलेली वीज एकदम सोडून लखलखाट पाडण्याची रीत १९३१ पासून पुढें आणली होती. हा प्रकाश सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाहूनहि कमी काळ टिके, आणि एकच नळी पुनःपुन्हां उपयोगीं पडे. दुसऱ्या महायुद्धानंतर हॉस्किंगनें हें साधन हातीं घेतलें. चोंचींत भक्ष्य धरून पंख उभारलेल्या गव्हाणी घुबडाचें त्याचें १९४८ चें चित्र जगप्रसिद्ध झालें. कांचेवर जो पूर्वीं करडा डाग उरे, त्याच्या जागीं आतां पीसन् पीस मोजावें असा पक्षी उमटला.

१९७० सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रास त्यानें ‘ॲन आय फॉर अ बर्ड’ असें नांव दिलें. पक्षी पारखणारा डोळा, आणि पक्ष्यापायीं गेलेला डोळा, असे दोन्ही अर्थ त्यांत आहेत. १९९१ सालीं तो निवर्तला. आज संवेदनक्षम डिजिटल कॅमेऱ्यांमुळें मावळतीच्या उजेडांतहि, कृत्रिम प्रकाशावांचून, घुबडाचें चित्र घेतां येतें. शिवाय १९८१ च्या कायद्यान्वयें ब्रिटनमध्यें गव्हाणी घुबडास घरट्यापाशीं परवान्यावांचून हेतुपुरस्सर त्रास देणें हा गुन्हा आहे. डोल्डाउलॉडच्या त्या घुबडानें अपराध असा कोणताच केला नव्हता. रात्रीं आपल्या दाराशीं आलेल्या अनोळखी प्राण्यापासून त्यानें आपलें घर राखलें, इतकेंच.