स्थगित न्यायनिर्णय

फौजदारी खटल्यात आरोपीने अपराध कबूल केल्यावर किंवा अपराध पुराव्याने शाबीत झाल्यावर, न्यायालयाने दोषसिद्धीचा निर्णय तत्काळ न नोंदविता तो ठराविक मुदतीपर्यंत व ठराविक अटींवर पुढे ढकलणे, यास स्थगित न्यायनिर्णय असे म्हणतात. आरोपीने मुदतीत सर्व अटी पाळल्यास आरोप काढून टाकण्यात येतो व त्याच्या नावावर दोषसिद्धी राहत नाही. अटींचा भंग झाल्यास, अपराध पुन्हा शाबीत करण्याची गरज न राहता, पूर्वीच्या कबुलीच्या आधारे न्यायालय दोषसिद्धी नोंदवून शिक्षा देऊ शकते.

या पद्धतीला लागून असलेल्या दोन पद्धती तिच्याहून भिन्न आहेत. अभियोग स्थगित ठेवताना खटला चालविण्याचेच लांबणीवर टाकले जाते व तो निर्णय मुख्यतः सरकारी अभियोक्त्याचा असतो. शिक्षा स्थगित ठेवताना दोषसिद्धी नोंदली जाते, फक्त शिक्षा सुनावणे वा भोगणे थांबते. स्थगित न्यायनिर्णय या दोहोंच्या मधला आहे. अपराध घडला हे ठरलेले असते. पण आरोपी ‘सिद्धदोष’ झालेला नसतो. या भेदाचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे. कारावास वा दंड यांची मुदत संपते. परंतु दोषसिद्धीमुळे सरकारी नोकरी, व्यवसायाचा परवाना, निवडणुकीस उभे राहण्याचा हक्क, शस्त्र बाळगण्याची परवानगी, परक्या देशातील वास्तव्य इत्यादींवर येणारी बंधने पुष्कळदा आयुष्यभर टिकतात.

पूर्वेतिहास : इंग्लंडच्या रूढिविधीत अनेक अपराधांना देहदंड सांगितला होता. कायद्याची ही कठोरता टाळण्यासाठी न्यायालयांनी काही मार्ग काढले. मूळचा धर्मोपदेशकांसाठी असलेला विशेषाधिकार हळूहळू वाचता येणाऱ्या सामान्य माणसासही मिळू लागला; त्याने तो दुसऱ्यांदा मागू नये, म्हणून १४८९च्या कायद्याने त्याच्या अंगठ्यावर डाग देण्याची तरतूद केली. इंग्लंडमध्ये हा विशेषाधिकार १८२७ मध्ये रद्द झाला. दुसरा मार्ग न्यायिक तहकुबीचा होता. राजाकडे क्षमायाचना करता यावी म्हणून न्यायाधीश शिक्षा काही काळ रोखून धरीत. तिसरा मार्ग बंधपत्राचा. १३६१च्या कायद्यापासून शांतता-न्यायाधीशांना सद्वर्तनाची हमी घेऊन माणसास मोकळे ठेवण्याचा अधिकार होता. स्थगित न्यायनिर्णयाचे मूळ विशेषतः या शेवटच्या दोन प्रथांत आढळते.

बॉस्टनमधील प्रयोग : या प्रथांना निश्चित रूप अमेरिकेच्या मॅसॅचूसेट्स राज्यात आले. बॉस्टन नगर न्यायालयाचे न्यायाधीश पीटर ऑक्सनब्रिज थॅचर यांच्यापुढे १८३० मध्ये चेस खटला आला. आरोपी स्त्रीने चोरीचा गुन्हा कबूल केला होता. तथापि तिच्या हितचिंतकांच्या विनंतीवरून व सरकारी वकिलाच्या संमतीने, बोलावतील तेव्हा हजर राहण्याच्या बंधपत्रावर तिला शिक्षा न सुनावता सोडण्यात आले. पुढे दुसऱ्या एका चोरीच्या आरोपातून ती निर्दोष सुटली, तरी न्यायालयाने जुने प्रकरण बाहेर काढून तिला मूळ अपराधाबद्दल शिक्षा दिली. या पद्धतीतील सवलत व टांगती तलवार या दोन्ही गोष्टी या आरंभीच्या खटल्यातच दिसतात. १८३६ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने किरकोळ अपराध्यांना बंधपत्रावर सोडण्याच्या प्रथेस मान्यता दिली.

बॉस्टनमधील जॉन ऑगस्टस (मृ. १८५९) या जोडे बनविणाऱ्या कारागिराने या प्रथेस देखरेखीची जोड दिली. ऑगस्ट १८४१ मध्ये पोलीस न्यायालयात त्याने एका दारुड्या माणसासाठी जामीन भरला. तीन आठवड्यांनी तो माणूस शुद्धीवर व नीटनेटक्या स्थितीत न्यायालयात परतला, तेव्हा न्यायाधीशांनी त्याला सुधारगृहात न पाठविता एक सेंट दंड व खटल्याचा खर्च एवढ्यावरच सोडून दिले. नंतरच्या सतरा वर्षांत ऑगस्टसने १,९०० हून अधिक स्त्रीपुरुषांसाठी जामीन भरला. जामीन राहण्यापूर्वी तो आरोपीचे वय, पूर्ववृत्त व भोवतालची परिस्थिती यांची चौकशी करी, त्याला काम व निवारा मिळवून देई आणि मुदतीअखेर न्यायालयास वृत्तांत सादर करी. निवड, देखरेख व अहवाल ही त्याची त्रिसूत्री पुढे परिवीक्षेच्या कायद्यांचा आधार ठरली. १८७८ मध्ये मॅसॅचूसेट्सने बॉस्टनसाठी पगारी परिवीक्षा अधिकारी नेमण्याचा कायदा केला. १८८० मध्ये ही सोय राज्यातील इतर नगरांनाही ऐच्छिक स्वरूपात उपलब्ध झाली [→ परिवीक्षा].

न्यायालयीन अधिकाराचा वाद : कायद्याने सांगितलेला निर्णय रोखून धरण्याचा अधिकार न्यायाधीशास कोठून मिळतो, हा प्रश्न लवकरच उपस्थित झाला. मॅसॅचूसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७४ मध्ये डाउडिकन खटल्यात ही प्रथा उचलून धरली. ज्यूरीने दोषी ठरविल्यानंतरही, सौम्य ठरणारी परिस्थिती असल्यास, आरोपीच्या संमतीने प्रकरण ‘दप्तरी ठेवता’ येते. तो अंतिम निर्णय नसतो आणि न्यायालय ते केव्हाही पुन्हा हाती घेऊ शकते, असे या न्यायालयाने म्हटले. न्यूयॉर्कच्या वरिष्ठ न्यायालयानेही १८९४ मध्ये शिक्षा स्थगित करण्याचा न्यायालयाचा अंगभूत अधिकार मान्य केला.

संघीय न्यायालयांच्या बाबतीत मात्र निकाल उलट लागला. ओहायओतील न्यायाधीश जॉन किलिट्स यांनी बँकेतील अपहाराबद्दल एका प्रथम अपराध्यास पाच वर्षांची शिक्षा देऊन ती सद्वर्तनाच्या अटीवर बेमुदत स्थगित केली होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१६ मध्ये असा निर्णय दिला, की वाजवी मुदतीची तहकुबी निराळी व कायद्याने ठरविलेली शिक्षा कायमची टाळणे निराळे. कायद्याचा आधार नसता संघीय न्यायालयांना असा अधिकार नाही. कायदा करून तो देणे हे काँग्रेसचे काम आहे, असेही या निर्णयातून सूचित झाले. त्यानुसार १९२५ मध्ये संघीय परिवीक्षा अधिनियम संमत झाला. तेव्हापासून निर्णय स्थगित ठेवण्याची पद्धत मुख्यतः न्यायाधीशाच्या दयाबुद्धीवर अवलंबून न राहता लिखित कायद्याचा भाग बनली.

इंग्लंड व कॅनडा : इंग्लंडमध्ये १८७९च्या संक्षिप्त अधिकारिता अधिनियमाने, आरोप शाबीत असला तरी अपराध क्षुल्लक असल्यास दोषसिद्धी न नोंदविता तो काढून टाकण्याची मुभा दिली. १९०७च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाने ही कल्पना अधिक विस्तारली. आरोपीचे चारित्र्य, वय, प्रकृती, मानसिक स्थिती किंवा अपराधाचे क्षुल्लक स्वरूप लक्षात घेऊन कनिष्ठ न्यायालयांना ‘दोषसिद्धीकडे न वळता’ त्यास बंधपत्रावर सोडता येऊ लागले. १९४८ मध्ये ही रचना बदलली. दोषसिद्धी प्रथम नोंदावयाची, पण इतर बहुतेक प्रयोजनांसाठी ती दोषसिद्धी मानावयाची नाही, असे ठरले. आजही सशर्त वा बिनशर्त मुक्ततेस हेच तत्त्व लागू आहे. कॅनडाने १९७२ मध्ये अशाच मुक्ततेची तरतूद केली. मुक्तता मिळालेल्या आरोपीस त्या अपराधाबद्दल सिद्धदोष झालेला समजले जात नाही.

अमेरिकेतील आधुनिक स्वरूप : १९७०च्या दशकात अमेरिकेतील अनेक राज्यांनी या पद्धतीचे स्वतंत्र कायदे केले. आयोवा व कोलोरॅडो येथे ‘स्थगित न्यायनिर्णय’, टेक्ससमध्ये ‘स्थगित अभिनिर्णय’, मेरिलंडमध्ये ‘न्यायनिर्णयपूर्व परिवीक्षा’ अशी नावे रूढ आहेत. फ्लॉरिडात न्यायाधीश अभिनिर्णय ‘राखून’ ठेवतो. १९७० च्या संघीय मादक द्रव्य कायद्याने, अल्प प्रमाणात मादक द्रव्य स्वतःजवळ बाळगणाऱ्या प्रथम अपराध्यास दोषसिद्धी न नोंदविता एक वर्षापर्यंत परिवीक्षेवर ठेवण्याची सोय केली. अपराधसमयी २१ वर्षांखालील असणाऱ्यांस अभिलेख पुसून टाकण्याची मागणीही करता येते.

तपशील राज्याराज्यांत वेगळा असला, तरी कार्यपद्धती साधारणतः सारखी आहे. आरोपी अपराध कबूल करतो किंवा तो नाकारीत नसल्याचे सांगतो. न्यायालय ती कबुली स्वीकारते, पण निर्णय राखून ठेवते. परिवीक्षा अधिकाऱ्याकडे हजेरी, नुकसानभरपाई, समाजसेवा, व्यसनमुक्तीचे उपचार, नवा गुन्हा न करणे अशा अटी घातल्या जातात. मुदत यशस्वीपणे पुरी झाल्यावर आरोप खारीज होतो. गंभीर हिंसक वा लैंगिक अपराध आणि यापूर्वी अशी सवलत घेतलेले आरोपी बहुधा या योजनेतून वगळलेले असतात.

दोषसिद्धीच्या व्याख्येचा प्रश्न : एका कायद्याने टळलेली दोषसिद्धी दुसऱ्या कायद्यानेही टळतेच असे नाही. आयोवात छुपे पिस्तूल बाळगल्याची कबुली दिलेल्या एका व्यावसायिकाचा न्यायनिर्णय स्थगित झाला होता व मुदतीनंतर अभिलेखही पुसला गेला होता. तरीही संघीय शस्त्रकायद्याच्या दृष्टीने तो सिद्धदोषच ठरतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये डिकरसन खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी दिला. काँग्रेसने १९८६ मध्ये कायदा बदलून, दोषसिद्धी झाली की नाही हे खटला चाललेल्या राज्याच्या कायद्यावरून ठरवावे, असे स्पष्ट केले.

परदेशी नागरिकांबाबत याच्या नेमकी उलट भूमिका घेतली गेली. १९९६ च्या संघीय कायद्यानुसार आरोपीने अपराध कबूल केला असेल आणि न्यायाधीशाने कोणतीही शिक्षा वा स्वातंत्र्यावरील बंधन घातले असेल, तर न्यायनिर्णय स्थगित असूनही देशात राहण्याच्या हक्कापुरती ती दोषसिद्धीच होय. त्यामुळे ज्या सवलतीने अमेरिकी नागरिक निष्कलंक राहतो, तीच स्वीकारणाऱ्या परदेशी रहिवाशावर हद्दपारीची पाळी येऊ शकते. भारतातून शिक्षणासाठी वा नोकरीसाठी तेथे गेलेल्यांनाही हा नियम लागू आहे. हद्दपारीच्या धोक्याची कल्पना आरोपीस देणे हे वकिलाचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पडिया खटल्यात ठरविले.

भारतातील स्थिती : भारतात १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ५६२ अन्वये प्रथम अपराध्यास शिक्षेऐवजी सद्वर्तनाच्या बंधपत्रावर सोडता येत असे. त्यानंतर मध्य प्रांत व वऱ्हाड (१९३६), मद्रास (१९३६), मुंबई (१९३८) इ. प्रांतांनी स्वतंत्र परिवीक्षा कायदे केले. १९५८चा अपराधी परिवीक्षा अधिनियम हा देशव्यापी कायदा होय. त्याच्या कलम ३ खाली चोरी, फसवणूक यांसारख्या काही अपराधांत प्रथम अपराध्यास समज देऊन सोडता येते. देहदंड वा आजीव कारावास ज्यांस नाही अशा अपराधांत कलम ४ खाली तीन वर्षांपर्यंतच्या बंधपत्रावर मुक्तता करता येते. २१ वर्षांखालील अपराध्यास कारावास देण्यापूर्वी न्यायालयाने परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागविणे व कारणे नमूद करणे कलम ६ प्रमाणे आवश्यक आहे. १९७३ च्या संहितेतील कलमे ३६० व ३६१ यांची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलमे ४०१ व ४०२ यांनी घेतली आहे.

भारतीय कायद्याने मात्र दोषसिद्धी टाळलेली नाही. आरोपी ‘दोषी आढळल्यावर’च ही कलमे लागू होतात. लांबणीवर पडते ती शिक्षा. दोषसिद्धीचे दुष्परिणाम सौम्य करण्याचे काम कलम १२ कडे आहे. कलमे ३ वा ४ खाली सोडलेल्या व्यक्तीस, इतर कायद्यांनुसार दोषसिद्धीमुळे येणारी अनर्हता लागू होत नाही. परंतु परिवीक्षेवरील मुक्ततेने दोषसिद्धी पुसली जात नाही आणि कलम १२ मुळे खात्यांतर्गत कारवाईस आडकाठी येत नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने चेल्लप्पन खटल्यात (१९७५) घेतली व बक्षी राम खटल्यात (१९९०) तिचा पुनरुच्चार केला. परिणामी भारतातील अपराधी तुरुंग टाळू शकतो, पण दोषसिद्धीस कारणीभूत झालेल्या गैरवर्तनावरून त्याची नोकरी जाऊ शकते.

मूल्यमापन : स्थगित न्यायनिर्णयावर मुख्य आक्षेप असा, की सवलतीच्या आशेने निरपराध किंवा दुर्बळ बचावाचा आरोपीही कबुली देऊन सुनावणीचा हक्क सोडून देतो. अट मोडली की तीच कबुली त्याच्याविरुद्ध वापरली जाते. अटींच्या पूर्ततेसाठी लागणारे शुल्क व वेळ गरिबास अधिक जाचक ठरतात. दुसऱ्या बाजूस, तिच्या उपयुक्ततेचा पुरावाही बळकट आहे. फ्लॉरिडातील ९५,००० हून अधिक परिवीक्षाधीन व्यक्तींच्या २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दोषसिद्धी नोंदलेल्यांमध्ये पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण, ती राखून ठेवलेल्यांपेक्षा लक्षणीय रीत्या अधिक आढळले. टेक्ससमधील हॅरिस परगण्यातील प्रथम अपराध्यांच्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोषसिद्धी टळल्याने पुढील दहा वर्षांतील पुनरपराध जवळजवळ निम्म्यावर आल्याचे व रोजगाराचे प्रमाण सु. ५० टक्क्यांनी वाढल्याचे दिसून आले. अपराध्यावर बसणारा कायमचा शिक्का हाच कित्येकदा शिक्षेहून अधिक हानिकारक असतो, या मताला या निष्कर्षांनी पुष्टी मिळते. तथापि निरनिराळे कायदे दोषसिद्धीची निरनिराळी व्याख्या करीत राहतील, तोवर या सवलतीचे खरे मोल प्रत्येक प्रकरणी स्वतंत्रपणे तपासावे लागते.