पाणी कोकणात, माणसं सोलापुरात

आमच्या घरात कोयनेच्या दोन गोष्टी चालत. एक बाबांकडची, चिपळूणच्या अंगाची. दुसरी आईच्या माहेरची, कोयनेच्या खोऱ्यातली. पहिलीत पाणी येतं, दुसरीत माणसं जातात. दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत निघाल्या की आई उठून चहा टाकायला जायची.

आबा, म्हणजे बाबांचे वडील, सांगायचे की धरणाआधीची वाशिष्ठी पावसाळ्यात अंगावर यायची आणि होळीनंतर तिच्या पात्रात पोरं विटीदांडू खेळायची. बायका वाळूत झिरे खणून वाटीवाटीनं पाणी भरायच्या. मग पोफळीला वीजघर झालं आणि ऐन वैशाखात नदी वाहू लागली. आबांना त्याचं अखेरपर्यंत नवल वाटे. "घाटावरचं पाणी आपल्या दारात आलं, तेही फुकट," असं ते म्हणत.

फुकट कसलं! महाबळेश्वरला उगवणारी कोयना सह्याद्रीच्या कडेकडेनं दक्षिणेला उतरते, हेळवाकला पूर्वेकडे वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. म्हणजे हे पाणी मूळचं बंगालच्या उपसागराचं. पण पश्चिमेची डोंगराची भिंत ओलांडली की एकदम पावणेपाचशे मीटर खाली कोकण लागतं, आणि वीज करणाऱ्याला नेमका तो उतार हवा असतो. टाटांनी भीमेच्या खोऱ्यातलं पाणी खोपोली, भिवपुरी, भिरा इथं असंच खाली सोडलं होतं. त्यातल्या मुळशीच्या धरणासाठी जमिनी गेल्या तेव्हा सेनापती बापटांनी सत्याग्रह केला होता. कोयनेला सह्याद्रीतून बोगदे काढून पाणी पोफळीला नेलं आणि १९६२ साली वीज सुरू झाली. आज सगळे टप्पे मिळून सुमारे १,९६० मेगावॅटची क्षमता आहे. वीज करून झाल्यावर उरलेलं पाणी, अवजल म्हणतात त्याला, वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीला मिळतं. मुंबईच्या आणि राज्याच्या कारखानदारीला ह्या विजेनं केवढा हात दिला, हे नाकारणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. आईच्या आईनंही ते नाकारलं नाही.

ती फक्त सांगायची, "आमाला पाण्यानं उठवलं." तिचं गाव कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या तळाशी आहे. खोऱ्यातली शंभराच्या आसपास गावं उठली. कुणी रायगडला गेलं, कुणी ठाण्याला, कुणी सांगलीला. तिच्या घराला जमीन मिळाली सोलापूर जिल्ह्यात. वर्षाला पाच हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या खोऱ्यातली ही माणसं. भात आणि नाचणी पिकवणारी, इरलं पांघरून चिखलणी करणारी. ती जिथं पाचशे-साडेपाचशे मिलिमीटरही भरवशाचा नाही अशा काळ्या रानात जाऊन ज्वारी पेरायला शिकली. आजीला पहिली काही वर्षं आभाळाकडे बघण्याचीच सवय लागली होती म्हणे. देवही गाठोड्यात बांधून नेले होते, पण त्यांना नव्या गावात कुणी ओळखत नव्हतं. सातबाऱ्यावर नाव लागायला तर पुढची पिढी उजाडली.

मला ह्या योजनेतलं सर्वांत चमत्कारिक वाटतं ते हेच. पाणी गेलं कुठं? तीन हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो त्या कोकणात. आणि माणसं गेली दुष्काळात. तुटीच्या भागाला मुबलक भागातून पाणी द्यावं, हे खोरेजोडणीच्या बाजूचं नेहमीचं म्हणणं. कोयनेत ते उलटं झालं. इकडे जत-आटपाडीसारख्या भागासाठी कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उपसून वर चढवावं लागतं आणि त्याला वीज लागते. एका बाजूला पाणी पाडून वीज करायची, दुसऱ्या बाजूला वीज जाळून पाणी चढवायचं. कृष्णेच्या पाणीवाटपाच्या बच्छावत लवादानं कोयनेचं पश्चिमेला वळवायचं पाणी वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांवर बांधून दिलं आहे, तरी पाऊस ओढ देतो त्या वर्षी वीज आधी की सिंचन आधी, हे भांडण ठरलेलं.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप दोन्ही घरांच्या गोष्टींत येतो. जलाशयाच्या भारामुळे अशी हालचाल होऊ शकते, याचं उदाहरण म्हणून जगभरचे अभ्यासक कोयनेकडे बोट दाखवतात. आणि २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण बुडालं तेव्हा, ज्या पाण्याला आबा दारातलं म्हणत, त्याच्याकडे अख्खा बाजार संशयानं बघत होता. अतिवृष्टी, भरती, गाळानं भरलेलं पात्र ही कारणं आहेतच. कोयनेच्या वीजघरांचं पाणी अडवणाऱ्या कोळकेवाडी धरणाच्या विसर्गाचा वाटा किती, यावरून तेव्हा वाद पेटला.

आता हे अवजल समुद्रात वाया जातं, ते मुंबईकडे न्यावं, अशी चर्चा अधूनमधून होते. खाडीत गोडं पाणी जाणं म्हणजे वाया जाणं, हे मला पटत नाही. खाडीतल्या मासळीला विचारलं तर तिलाही पटणार नाही. पण न्यायचंच असेल तर आधी चिपळूण-खेडच्या ज्या धनगरवाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो त्यांच्या हंड्यात हे पाणी पडू द्या. धरणाला पाच दशकं उलटून गेल्यावरही, २०१८ साली, कोयनेचे धरणग्रस्त जमीन मागत कोयनानगरला ठिय्या देऊन बसले होते. त्यांचा हिशेब चुकता करा, आणि मगच पुढच्या नदीला हात घाला.