सूरजागडच्या चढावर गाडी का तापते? रेडिएटर आणि कूलंटची काळजी अशी घ्या

गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यातलं सूरजागड लोहखनिजाच्या खाणीसाठी ओळखलं जातं. डोंगर, जंगल, कच्चे रस्ते, खनिजाच्या ट्रकांची लाल धूळ आणि वर उन्हाळा. अशा ठिकाणी टेम्परेचरचा काटा लाल पट्ट्यात गेला, तर जवळ गॅरेज सापडेलच असं नाही. कित्येकदा मोबाइलला रेंजही नसते.

गाडी इथेच जास्त का तापते?

इंजिनची उष्णता कूलंट शोषून घेतं आणि रेडिएटरमधून हवेत सोडतं. कूलंट आणि हवेच्या तापमानात जितका फरक जास्त, तितकी उष्णता लवकर बाहेर पडते. कूलंट 95 अंशांवर आणि हवा 25 अंशांवर असेल, तर फरक 70 अंशांचा. मे महिन्यात हवा 45 अंशांवर गेली की फरक उरतो 50 अंशांचा. म्हणजे तेवढ्याच वाऱ्यात रेडिएटरची क्षमता जवळपास 28 टक्क्यांनी घटते.

त्यात चढावर गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चालते. इंजिनवर ताण जास्त, वेग कमी. समोरून वारा मिळत नाही आणि सगळा भार पंख्यावर येतो.

धूळ कशी काढायची?

एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत धूळ, पालापाचोळा आणि किडे अडकतात. ते बाहेरून दिसत नाहीत. इंजिन थंड असताना इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, कमी दाबाने पाणी मारावं. वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने रेडिएटरच्या पातळ पट्ट्या वाकतात आणि हवेची वाट बंद होते.

साधं पाणी चालतं का?

अडचणीत चालतं, रोज नाही. बोअरवेलच्या जड पाण्यातले क्षार आत थर धरतात आणि गंजही चढतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं असेल, तर झाकणाच्या दाबाखाली ते साधारण 125 अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर खराब झालं की हा दाब टिकत नाही. त्यामुळे स्वस्तातलं हे झाकणही वेळेवर बदलावं. कूलंट कोणतं आणि किती दिवसांनी बदलायचं, हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये पाहावं.

निघण्याआधी काय तपासाल?

- थंड इंजिनवर कूलंटची पातळी
- होज पाइप फुगलेत किंवा चिरलेत का
- बेल्ट सैल आहे का
- पंखा नीट फिरतो का
- गाडीखाली ठिबक आहे का

गळती दिसत नसतानाही कूलंट सतत कमी होत असेल किंवा ऑइल दुधाळ झालं असेल, तर हेड गॅस्केट गेल्याची शक्यता असते. अशी गाडी जंगलात नेऊ नये.

वाटेत काटा चढला तर?

एसी बंद करा, हीटर फुल करा आणि सुरक्षित जागी थांबा. तरीही काटा उतरत नसेल, तर इंजिन बंद करा. झाकण लगेच उघडू नका, उकळतं कूलंट अंगावर उडून गंभीर भाजू शकतं. निदान अर्धा तास थांबा आणि रेडिएटर हाताला थंड लागल्यावरच झाकण उघडा. तापलेल्या इंजिनवर थंड पाणी ओतल्यास हेडला तडा जाऊ शकतो.

जुनं कूलंट ओढ्यात किंवा रस्त्याकडेला ओतू नका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असतं. गुरंढोरं आणि कुत्री ते पितात आणि मरतात.