गोड्या पाण्यातील झिंगा-संवर्धनाचा इतिहास आणि प्रजनक मादीच्या आहाराचा प्रश्न : विदर्भाच्या संदर्भात

प्रस्तावना :
भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली हे पूर्व विदर्भातील जिल्हे तलावांसाठी प्रसिद्ध आहेत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली व हे तलाव 'माजी मालगुजारी' अर्थात 'मामा' तलाव म्हणून ओळखले जाऊ लागले. ढिवर समाजाच्या उपजीविकेशी त्यांचे नाते जुने आहे. या तलावांत मोठा झिंगा वाढविता येतो. मात्र त्याचे बीज तेथे तयार होत नाही. बीजाची गुणवत्ता मादीच्या आहारावर कशी अवलंबून असते आणि या बाबीकडे उशिरा लक्ष का गेले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक आढावा :
१९६१-६२ मध्ये मलायातील पेनांग येथे शाओ-वेन लिंग यांनी या झिंग्याच्या अळ्यांना निमखारे पाणी आवश्यक असते, हे सिद्ध केले. पुढे हवाई बेटांवर ताकुजी फुजिमुरा यांनी १९७२ पर्यंत मोठ्या प्रमाणावरील बीजोत्पादनाचे तंत्र विकसित केले. या काळात संशोधकांचे लक्ष अळीचे पाणी व अळीचे खाद्य यांवरच केंद्रित होते. अंडीधारी माद्या वाढीच्या तळ्यातून जाळ्याने पकडून आणीत व पिल्ले बाहेर पडताच बाजूला काढीत. त्यामुळे विक्रीच्या झिंग्यासाठी दिलेले स्वस्त खाद्य हाच मादीचाही आहार ठरला.

मादीचा आहार :
पूर्ण वाढलेली मादी एका वेळी ८०,००० ते १,००,००० अंडी घालते व सुमारे तीन आठवडे ती पोटाखाली वागविते. याच काळात तिच्या अंडाशयात पुढील अंडी तयार होऊ लागतात. गर्भ पूर्णतः पीतकावर पोसला जातो. नवजात अळीही पहिल्या दिवशी त्यावरच जगते. म्हणजे मादीच्या आहारातील उणीव थेट अळीपर्यंत पोहोचते. बेल्जियममधील घेंट विद्यापीठात कावाल्ली, लावेन्स व सोर्गेलोस यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आहारातील लिनोलेइक आम्लाचा संबंध अंड्यांच्या संख्येशी, तर दीर्घ साखळीच्या ओमेगा-३ मेदाम्लांचा संबंध अंडी उबण्याच्या प्रमाणाशी व अळीच्या अमोनिया सहन करण्याच्या क्षमतेशी आढळला. संख्या व सामर्थ्य या दोन भिन्न गोष्टी असल्याचे यातून स्पष्ट होते.

निष्कर्ष :
विदर्भातील मच्छीमार बीज नगावर विकत घेतो. त्यामागील मादीने काय खाल्ले, हे त्याला दिसत नाही. दुर्बल बीज तलावात मेले, तर तोटा मात्र त्याच्याच पदरी पडतो. म्हणून बीजोत्पादन केंद्रांनी प्रजनक माद्यांचा स्वतंत्र सांभाळ करावा, त्यांच्या आहाराची नोंद ठेवावी व ती खरेदीदारास द्यावी. २००० मध्ये नागपूर येथे स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाने या विषयास अग्रक्रम देणे उचित ठरेल.